काडीपासून चकतीपर्यंत: शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांच्या द्रवस्फटिक संशोधनाची पार्श्वभूमी

१८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं: १४५.५ अंशांना गढूळ द्रव, १७८.५ अंशांना स्वच्छ. द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकासारखी रेणूंची शिस्त काही अंशी टिकवणारा असा गढूळ द्रव म्हणजे द्रवस्फटिक. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं शुद्ध संयुगांतून मिळालेले असे द्रवस्फटिक लांबट, काडीसारख्या रेणूंचेच होते. ही चौकट १९७७ मध्ये बंगळुरूत चकतीसारख्या रेणूंनी मोडली. ती मोडणारे भौतिकशास्त्रज्ञ शिवरामकृष्ण चंद्रशेखर; त्यांचा पाया नागपूरचा होता.

चंद्रशेखर यांचा जन्म १९३०चा, कोलकात्यातला. १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर ते मामा सी. व्ही. रामन यांच्याकडे बंगळुरूला गेले. तिथे विषय होता, स्फटिकातून जाताना ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंपणाऱ्या, प्रकाशाचं ते प्रतल किती फिरतं. नंतर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या विकिरणातली एक अडचण त्यांनी हाती घेतली. जवळजवळ निर्दोष स्फटिकात वरचे थर किरण परत फेकतात, म्हणून आतल्या थरांपर्यंत कमी तीव्रता पोहोचते आणि मोजमाप चुकतं. त्याची दुरुस्ती कशी करायची, हा तो प्रश्न.

१९६१ मध्ये ते म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि ही दोन्ही कौशल्यं तिथे एकत्र आली. कोलेस्टेरिक द्रवस्फटिकात रेणूंची दिशा थराथराने पिळत जाते. पिळाचा आटा (एक पूर्ण वेढा होण्याचं अंतर) आणि सरासरी वक्रीभवनांक यांच्या गुणाकाराएवढ्या तरंगलांबीचा, त्याच पिळाचा वर्तुळध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत जाते तो, परत फिरतो. के. एन. श्रीनिवास राव यांच्यासह त्यांनी याला क्ष-किरणांचंच गणित लावलं. त्यांच्या कारकिर्दीतलं हे वळण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण जुना विषय न सोडता ते नव्या विषयात शिरले.

रामन यांच्या निधनानंतर, १९७१ मध्ये, त्यांनी रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिक प्रयोगशाळा उभारली आणि भौतिकीच्या त्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञही घेतले. बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासोबतचा चकतीच्या रेणूंवरचा लेख ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात आला. रेणू साधा: मध्ये बेंझिनचं कडं, भोवती एस्टर गटाने जोडलेल्या कार्बनसाखळ्यांच्या सहा शेपट्या. हेप्टॅनोएटमध्ये, म्हणजे शेपटीत सात कार्बन असलेल्या संयुगात, द्रवस्फटिक अवस्था साधारण ८१ ते ८७ अंश सेल्सिअस, म्हणजे जेमतेम सहा अंश टिकते. अशी अरुंद पट्टी सहज हुकते. सहापैकी एखादी जागा एस्टरविना राहिलेले रेणू मिसळले, तरी स्वच्छ होण्याचं तापमान घसरतं आणि पट्टी नाहीशी होऊ शकते. म्हणून नमुना पुन्हापुन्हा शुद्ध करणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश तापवणं अटळ.

खरा पुरावा क्ष-किरणांनी दिला. चकत्या नाण्यांसारख्या एकावर एक बसून स्तंभ होतात, आणि स्तंभांची षट्कोनी मांडणी स्पष्ट उमटते. स्तंभाच्या आत मात्र चकत्यांमधली अंतरं अनियमित, द्रवासारखी. म्हणजे दोन दिशांना स्फटिक, तिसरीला द्रव!

१९८३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. निवृत्तीनंतर त्यांनी बंगळुरूतच द्रवस्फटिक संशोधन केंद्र सुरू केलं. त्याला जागा भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिली.