सायकेडेलिक औषधचाचणी (दाद न देणाऱ्या नैराश्यावरील)

नैराश्यावरची किमान दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडत नाही, त्याला ‘उपचारांना दाद न देणारे नैराश्य’ म्हणतात. अशा रुग्णांवर सिलोसायबिन या सायकेडेलिक, म्हणजे काही तास जाणीव पालटवणाऱ्या, द्रव्याच्या चाचण्या चालू आहेत. हे द्रव्य काही भूछत्रांत असते. चाचणीत मात्र मोजून तयार केलेले शुद्ध औषधच देतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३३ रुग्णांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅम औषध एकदाच दिले. तीन आठवड्यांनी नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या माँटगोमेरी-आस्बर्ग श्रेणीवर (० ते ६०; जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य) त्यांचे गुण सरासरी १२, ७.९ आणि ५.४ ने उतरले. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेला फायदा मात्र २५ मिलिग्रॅमच्या गटातही साधारण पाचांतल्या एकालाच झाला.

सर्वांत जास्त चुका रुग्णांच्या निवडीत होतात. निफाड-दिंडोरीकडून नाशिकला आलेल्या रुग्णाची जुनी फाइल चिठ्ठीनिशी तपासावी लागते. दहा दिवसांत सोडलेली गोळी ‘लागू पडली नाही’ यात धरता येत नाही; सहा ते आठ आठवडे तरी ती नियमित घेतलेली हवी. थायरॉइड आणि दारू यांचीही चौकशी हवी. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) अथवा बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा) असेल, तर रुग्णाला घेत नाहीत. चालू गोळ्या हळूहळू उतरवून बहुधा दोन आठवडे बंद ठेवतात. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध शरीरात रेंगाळते, त्याला जास्त वेळ लागतो. याच काळात आजार उसळू शकतो, म्हणून घरच्यांना आधी बसवून समजावणे टाळू नये. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असताना सिलोसायबिन दिले, तर झटके येण्याचा धोका असतो.

औषधाच्या दिवशी डोळ्यांवर पट्टी, संगीत आणि शेजारी प्रशिक्षित माणूस, असे सहा ते आठ तास जातात. रक्तदाब चढतो, मळमळ, डोकेदुखी, भीती होते. वरील चाचणीत आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणे तिन्ही गटांत आढळले. त्यामुळे पुढचे आठवडे हेच खरे जपण्याचे.

मोठी अडचण वेगळीच आहे. कोणती मात्रा मिळाली हे रुग्णाला तासाभरात उमगते. १ मिलिग्रॅमवाला हिरमुसतो, त्याचे गुण सुधारत नाहीत आणि औषधाचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो. म्हणून मात्रा ठाऊक नसलेल्या, दूरच्या तपासनिसाकडून फोनवर गुण घेतात. कोणती मात्रा मिळाली, याचा रुग्णाचा स्वतःचा अंदाजही नोंदवायलाच हवा. मराठीत आणखी जपावे लागते: ‘जीव नकोसा झालाय’ हे थकव्यानेही म्हणतात आणि मरणाच्या विचारानेही. तिथे थेट विचारल्याशिवाय गुण देऊ नयेत.

भारतात सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांवरील) कायद्याच्या यादीत आहे. नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असले, तरी इथल्या मनोविकारतज्ज्ञाला ते चिठ्ठीवर लिहिता येत नाही. चाचणी घ्यायची तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नीतिसमितीची मान्यता, सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी आणि रुग्णाच्या भाषेतले संमतिपत्र लागते. भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन हे वेगळ्या जातीचे औषध. नैराश्यावरच्या संशोधनात ते बहुधा दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम, ४० मिनिटांत शिरेतून देतात. त्या दिवशी गाडी चालवायची नसते. सोबत कोणीतरी आणावे.