पंजाब विधानसभेचे दोन ‘पहिले दिवस’: नवं अधिवेशन आणि पुन्हा भरलेली बैठक

३ मार्च २०२३ आणि १९ जून २०२३. दोन्ही दिवशी चंदीगडमध्ये पंजाबची विधानसभा भरली. सभागृह तेच, ११७ आमदारही तेच, अध्यक्षांच्या आसनावर कुलतारसिंग संधवां. कामकाज दोन्ही वेळा बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर सुरू झालं, त्यामुळे ‘अधिवेशनाला सुरुवात’ असं दोन्ही दिवसांबद्दल सहज म्हणता येईल. पण अधिवेशनाचा पहिला दिवस त्यांपैकी एकच होता, ३ मार्चचा. १९ जूनला नवं काहीच सुरू झालं नव्हतं. मार्चमध्ये उघडलेलंच अधिवेशन पुढे चालू झालं होतं. हा फरक ज्यांना कागदी वाटतो, त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की याच फरकावर बोट ठेवून राज्यपालांनी चार विधेयकं अडवून धरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आधी खरा पहिला दिवस पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १७४ प्रमाणे विधानसभेचं अधिवेशन राज्यपाल बोलावतात, तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून. अध्यक्षांना किंवा मुख्यमंत्र्यांना स्वतःच्या सहीने नवं अधिवेशन बोलावता येत नाही. निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन असेल किंवा त्या वर्षातलं पहिलं असेल, तर अनुच्छेद १७६ नुसार सुरुवात राज्यपालांच्या अभिभाषणाने होते. मूळ संविधानात तर प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी अभिभाषण सांगितलं होतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते या दोन प्रसंगांपुरतं ठेवलं. ज्या दिवशी अभिभाषण असतं त्या दिवशीचा थाट वेगळाच असतो. राज्यपालांना मानवंदना दिली जाते, अध्यक्ष आणि मुख्यमंत्री त्यांना सभागृहात घेऊन येतात, राष्ट्रगीत होतं आणि मग ते सरकारने मंजूर केलेलं भाषण वाचतात.

पंजाबमध्ये २०२३ साली हा दिवस उजाडायलाच न्यायालयाची पायरी चढावी लागली. मंत्रिमंडळाने २२ फेब्रुवारीला शिफारस केली की अर्थसंकल्पी अधिवेशन ३ मार्चपासून बोलवावं. राज्यपाल होते बनवारीलाल पुरोहित, आपल्या नागपूरचे माजी खासदार. मुख्यमंत्री भगवंत मान यांनी त्यांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरून ते नाराज होते. अधिवेशन बोलावण्याआधी कायदेशीर सल्ला घेतो, असं त्यांनी कळवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ फेब्रुवारीला सुनावणी झाली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी अधिवेशन बोलावल्याचं न्यायालयाला सांगण्यात आलं. न्यायालयाने दोन्ही बाजूंना सुनावलं: अधिवेशन बोलावण्याच्या बाबतीत राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, आणि राज्यपालांनी मागितलेली माहिती देणं हेही मुख्यमंत्र्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे.

तीन दिवसांनी सभागृहात जे घडलं त्यात हा सगळा ताण उघडा पडला. अभिभाषणात ‘माझं सरकार’ हे शब्द येताच विरोधी पक्षनेते प्रतापसिंग बाजवा उठले. जे सरकार तुमच्या पत्रांना उत्तर देत नाही त्याला ‘माझं’ कसं म्हणता, असा त्यांचा सवाल होता. राज्यपालांनी पुढे नुसतंच ‘सरकार’ म्हणायला सुरुवात केली. त्याला मुख्यमंत्र्यांनी हरकत घेतली आणि राज्यपाल पुन्हा ‘माझं सरकार’ वर आले. अभिभाषण हे राज्यपालांचं वैयक्तिक भाषण नसतं, मंत्रिमंडळाचं धोरण ते सभागृहासमोर ठेवत असतात. त्यामुळे यात मुख्यमंत्र्यांची हरकत बरोबर होती, असं मला वाटतं.

१० मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला आणि २२ मार्चला अध्यक्षांनी सभागृह बेमुदत तहकूब केलं. इथून दुसऱ्या दिवसाची गोष्ट सुरू होते.

बेमुदत तहकूब झालं म्हणजे अधिवेशन संपलं, असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रात शेवटच्या दिवशी अध्यक्ष पुढच्या अधिवेशनाची तारीखही वाचून दाखवतात, म्हणून तर हा समज आणखी पक्का होतो. पण तहकुबी आणि सत्रसमाप्ती या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या करणारे हातही वेगळे आहेत. बैठक तहकूब करतात अध्यक्ष, मग ती तासाभरासाठी असो, उद्यापर्यंत असो की बेमुदत. सत्रसमाप्ती, म्हणजे अधिवेशन संस्थगित करणं, हे राज्यपालांचं काम. तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. तो आदेश निघेपर्यंत, सभागृहाला कुलूप असलं तरी, अधिवेशन चालूच असतं. नाटकाचं मध्यंतर लांबलं म्हणून प्रयोग संपत नाही; पडदा पुन्हा वर जातो तेव्हा नांदी नव्याने म्हटली जात नाही.

पंजाबमध्ये मार्चनंतर सत्रसमाप्तीचा आदेश निघालाच नाही. विधानसभेच्या कार्यपद्धतीच्या नियम १६ मध्ये अध्यक्षांना मुभा आहे की बेमुदत तहकूब केलेल्या सभागृहाची बैठक ते नंतर कधीही बोलावू शकतात. त्या नियमाच्या आधारावर १९ आणि २० जूनच्या बैठका झाल्या. राज्यपालांचा आदेश नाही, अभिभाषण नाही. अध्यक्षांच्या निर्णयावर सभागृह भरलं आणि चार विधेयकं संमत झाली. सुवर्णमंदिरातल्या गुरबाणीचं प्रसारण सर्वांना मोफत खुलं करणारं शीख गुरुद्वारा दुरुस्ती विधेयक त्यात होतं. पोलीस महासंचालकांच्या नेमणुकीची पद्धत बदलणारं एक होतं. संलग्न महाविद्यालयांतल्या सेवासुरक्षेचं एक होतं. चौथं राज्यातल्या विद्यापीठांचं कुलपतिपद राज्यपालांकडून काढून मुख्यमंत्र्यांकडे देणारं. म्हणजे ज्यांच्या सहीची गरज, त्यांचाच अधिकार कमी करणारं विधेयकही त्यांच्याच टेबलावर गेलं. ही बैठकच कायद्याला धरून नव्हती, अशी भूमिका राज्यपालांनी घेतली आणि चारही विधेयकं तशीच राहिली. २० ऑक्टोबरला सभागृह पुन्हा भरलं, पुन्हा त्याच मार्चच्या अधिवेशनाची पुढची बैठक म्हणून. या वेळी राज्यपालांनी तीन धनविधेयकं, म्हणजे कर आणि सरकारी पैशाशी संबंधित विधेयकं, मांडायला संमतीच दिली नाही, आणि दोन दिवसांचं ठरलेलं कामकाज पहिल्याच दिवशी आटोपलं.

तहकुबी आणि सत्रसमाप्ती यांतलं अंतर याच विधानसभेत त्याआधी ५५ वर्षं याहून कितीतरी कडवटपणे दिसलं होतं. १९६८ च्या मार्चमध्ये लछमनसिंग गिल मुख्यमंत्री होते आणि अर्थसंकल्प सभागृहापुढे होता. अध्यक्ष जोगिंदरसिंग मान यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला. गोंधळ माजला आणि ७ मार्चला अध्यक्षांनी सभागृह थेट दोन महिन्यांसाठी तहकूब करून टाकलं. ३१ मार्चच्या आत विनियोजन विधेयक मंजूर झालं नसतं तर राज्याच्या तिजोरीतून पैसा काढणं अशक्य झालं असतं.

राज्यपाल होते डॉ. डी. सी. पावटे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे माजी कुलगुरू. अध्यक्षांची तहकुबी राज्यपालांना रद्द करता येत नाही. पण अधिवेशनच संपवलं तर त्यातली तहकुबीही संपते. ११ मार्चला त्यांनी सत्रसमाप्ती केली. अधिवेशन चालू नसल्यामुळे अध्यादेश काढण्याची वाट मोकळी झाली. १३ मार्चला अध्यादेश निघाला की आर्थिक कामकाज पुरं होईपर्यंत सभागृहाच्या ठरावाशिवाय बैठक तहकूब करता येणार नाही. १४ मार्चला नवं अधिवेशन बोलावलं आणि १८ मार्चला ते भरलं.

आणि या नव्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अध्यक्षांनी आसनावरून निर्णय दिला की हे नवं अधिवेशन नाहीच. सत्रसमाप्ती बेकायदा आहे, माझी ७ मार्चची तहकुबी कायम आहे, सभागृह दोन महिन्यांनीच भरेल. ते निघून गेले. गदारोळातच उपाध्यक्ष आसनावर बसले आणि खर्चाची विधेयकं मंजूर झाली. म्हणजे एकाच सभागृहात, एकाच दिवशी, अध्यक्षांच्या लेखी जुनंच अधिवेशन चालू होतं आणि उपाध्यक्षांच्या लेखी नवं उघडलं होतं. उच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने सत्रसमाप्ती, अध्यादेश आणि नवं अधिवेशन या तिन्हींना वैध ठरवलं. १९६८ मध्ये राज्यपाल म्हणत होते अधिवेशन नवं आहे आणि अध्यक्ष म्हणत होते जुनंच. २०२३ मध्येही अध्यक्षांचं म्हणणं तेच, अधिवेशन जुनंच आहे; फक्त या खेपेला नियम त्यांच्या बाजूने होता.

तो नियम किती पक्का आहे हे तपासताना २०२३ च्या न्यायालयाने ज्या निकालाचा आधार घेतला, त्याच्याशी मराठी वाचकांचं नातं आहे. रामदास आठवले तेव्हा पंढरपूरचे खासदार होते. तेराव्या लोकसभेचं चौदावं अधिवेशन २३ डिसेंबर २००३ ला बेमुदत तहकूब झालं होतं. सत्रसमाप्ती न करता २९ जानेवारी २००४ ला सभागृह पुन्हा भरवलं गेलं. लोकसभेचे अध्यक्ष होते मनोहर जोशी. आठवल्यांचं म्हणणं असं की नवीन वर्षातलं हे पहिलं अधिवेशन आहे, मग राष्ट्रपतींचं अभिभाषण कुठे आहे? प्रश्न रास्त होता. कॅलेंडर बदललं की अधिवेशन बदलतं का? २०१० मध्ये घटनापीठाने उत्तर दिलं की बदलत नाही. जानेवारीची बैठक डिसेंबरच्या अधिवेशनाचाच दुसरा भाग होती, म्हणून अभिभाषणाची गरज नव्हती.

१० नोव्हेंबर २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने पंजाबच्या जूनच्या बैठका वैध ठरवल्या. सत्रसमाप्ती झालेली नसेल तर बेमुदत तहकूब सभागृह पुन्हा बोलावण्याचा अधिकार अध्यक्षांचा आहे, आणि बैठकीच्या वैधतेवर शंका घेऊन विधेयकं अडवणं राज्यपालांच्या हाती नाही, असं निकालात स्वच्छ म्हटलं आहे. राज्यपालांना निर्णय घ्यावा लागला. डिसेंबरमध्ये त्यांनी चारपैकी तीन विधेयकं राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली.

निकाल मला पटतो. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने केलेला कायदा, बैठक कुणी बोलावली या वादात लटकत राहणं बरोबर नव्हतं. पण मार्चचं अधिवेशन ऑक्टोबरपर्यंत लांबवत नेणं ही रीतही चांगली नव्हे. सुनावणीत न्यायालयाने पंजाब सरकारलाही विचारलंच होतं की अर्थसंकल्पी अधिवेशनाची सत्रसमाप्ती का केली नाही. अधिवेशन न संपवण्याची सोय सरकारला अशी की प्रत्येक वेळी राज्यपालांच्या दारी जावं लागत नाही. ज्या राज्यात राज्यपालांशी वाद आहे तिथे हा मोह मोठा असतो. याची किंमतही असते. विधानसभेचं अधिवेशन चालू असताना, जिथे विधान परिषद नाही अशा राज्यात, अनुच्छेद २१३ खाली अध्यादेश काढता येत नाही. पंजाबात १९७० पासून परिषद नाही, त्यामुळे अधिवेशन जितकं ताणलं तितका काळ हा मार्ग बंद.

सहा महिन्यांच्या अटीतही हाच फरक येतो. एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. त्याच इमारतीत बसणाऱ्या शेजारच्या हरियाणा विधानसभेला २०२४ मध्ये ही अट नडली. शेवटची बैठक १३ मार्चला झाली होती, निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती, मधे अधिवेशन झालं नाही. म्हणून मुदत संपण्याच्या तोंडावर, १२ सप्टेंबरला, विधानसभा विसर्जित करावी लागली.

आता ओळखायचं कसं? अभिभाषण झालं नाही म्हणजे नवं अधिवेशन नाही, असा तर्क पुष्कळ जण करतात आणि तो फसवा आहे. न्यायालयाच्या निकालानंतर पंजाबमध्ये जुनं अधिवेशन संपवण्यात आलं आणि २८ नोव्हेंबर २०२३ ला नवं सुरू झालं. तो अगदी खरा पहिला दिवस होता, तरी अभिभाषण नव्हतं, कारण वर्षातलं पहिलं अधिवेशन मार्चमध्येच होऊन गेलं होतं. तारीख, खंड किती दिवसांचा, विषय किती मोठा, यांवरूनही काही कळत नाही. पाहायचं ते दोन कागद: आधीच्या अधिवेशनाच्या सत्रसमाप्तीचा राज्यपालांचा आदेश निघाला आहे का, आणि ही बैठक राज्यपालांच्या आदेशाने बोलावली आहे की विधानसभा सचिवालयाने अध्यक्षांच्या निर्देशावरून पाठवलेल्या सूचनेने. पहिला कागद नसेल तर दुसऱ्यावर राज्यपालांची सही असण्याचं कारणच उरत नाही. कामकाजपत्रिकेवर अधिवेशनाचा क्रमांकही असतो. तो आधीचाच असेल तर बैठक नवी, अधिवेशन जुनं.