आधी किल्ली माझ्याकडे द्या

मामांची 1988 सालची पद्मिनी 2011 च्या दिवाळीनंतर राजापूरजवळच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, ती उभीच राहिली. मामांचे गुडघे दुखायला लागले, मुलं पुण्याला गेली, आणि गाडीवर आधी जुनी चादर, मग भाताची रिकामी पोती, मग मोडका पाळणा अशी चळत चढत गेली. चौदा पावसाळे झाले. 2025 च्या दिवाळीत मामेभावाने सगळं सामान उतरवलं, नवी बॅटरी आणून जोडली आणि तो सेल्फ मारणार इतक्यात गावातल्या मिस्त्रींनी हात पुढे केला. "आधी ती किल्ली माझ्याकडे द्या."

किल्ली चार दिवस त्यांच्याच खिशात राहिली. मामेभाऊ वैतागला, पण मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं: गाडी थांबली, तिच्यातली रसायनं थांबली नाहीत. चौदा वर्षांत आत काय काय झालंय ते बघितल्याशिवाय इंजिन फिरवायचं म्हणजे जे शाबूत राहिलंय तेही घालवायचं.

पद्मिनी हा या कामासाठी चांगला नमुना आहे, कारण तिच्यात लपवाछपवी नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. मूळ गाडी इटलीची फियाट 1100, तिचं पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं. 1,089 सीसीचं इंजिन, ताकद साधारण 40 अश्वशक्ती, संगणक नाही, सेन्सर नाही. मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावत होती. बॉनेट उघडलं की प्रत्येक भाग दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोचतो.

मिस्त्रींनी पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. पेट्रोलचा तो नाकात चढणारा वास नव्हताच. जुन्या वॉर्निशच्या डब्यासारखा आंबूस, जड वास होता.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बन्सचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक, म्हणजे ब्यूटेन, पेंटेन वगैरे, आधी उडून जातात. नेमके हेच थंड इंजिन पेटवायला लागतात, कारण थंडीत वाफ होऊ शकते ती त्यांचीच. मागे राहतात जड घटक, आणि त्यांच्यात खरा खेळ सुरू होतो. रिफायनरीत मोठे रेणू तोडून पेट्रोल बनवताना काही रेणूंमध्ये दुहेरी बंध राहतात. हवेतला ऑक्सिजन अशा रेणूंना चिकटतो, त्यातून पेरॉक्साइडं तयार होतात, ती शेजारच्या रेणूला गाठतात, आणि एकाला एक जोडत लांबलचक साखळ्या बनतात. हा झाला डिंक. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो चिकट, पिवळा, साबणालाही दाद न देणारा थर जमतो, तो याच जातीच्या क्रियेतून येतो. तेल ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पेट्रोलही होतं. ही क्रिया लांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये थोडी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं घालतात, पण ती खर्च होत जातात. काही महिने निभावतं, चौदा वर्षं नाही. त्यात गंमत म्हणजे तांबं या क्रियेला वेग देतं, आणि पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची तोंडं, असतात पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त. जिथे डिंक सगळ्यात जास्त नडतो, तिथेच त्याला हातभार लावणारा धातू बसवलेला.

कार्बोरेटर नेमकं काय करतो हे समजायला लहानपणीचा डासांच्या औषधाचा फ्लिटचा पंप आठवावा. दट्ट्या ढकलला की हवा एका नळीच्या तोंडावरून जोरात जाते आणि खालच्या डब्यातलं औषध फवारा होऊन बाहेर येतं. कार्बोरेटरमध्ये हवा ओढण्याचं काम पिस्टन करतात. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते, तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. बर्नुलीने 1738 मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच, आणि या अरुंद गळ्याला व्हेंच्युरी म्हणतात तेही एका इटालियन शास्त्रज्ञावरून. आपण सहज म्हणतो की हवा पेट्रोल खेचते. खरं तर वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, गळ्यात तो कमी असतो, म्हणून पेट्रोल तिकडे ढकललं जातं. वाटीतली पातळी सांभाळायला फ्लोट आणि सुई असते, अगदी गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखी.

किती पेट्रोल जायचं हे जेटचं भोक ठरवतं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळपास 11 किलो हवा लागते, म्हणजे सुमारे 9,000 लिटर. वजनाने हे प्रमाण 14.7 ला 1. एवढा हिशेब पितळेच्या एका भोकावर सोपवलेला असतो. जेटवर कोरलेला 115 हा आकडा म्हणजे 1.15 मिलिमीटर व्यास. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जात असल्याने डिंकाच्या थराने व्यास दहा टक्क्यांनी कमी केला, तर वाट 19 टक्क्यांनी कमी होते. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवणाऱ्या स्लो जेटचं भोक तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ते आधी बुजतं. म्हणून जुन्या गाड्या अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असेपर्यंत चालतात आणि पाय उचलला की बंद पडतात. लोक तेव्हा प्लग बदलतात, कॉइल बदलतात, शेजाऱ्याचा सल्ला घेतात.

मामांच्या कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल नव्हतंच. तळाला कडक झालेल्या काकवीसारखा तपकिरी थर होता आणि कार्बोरेटरच्या बॉडीच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी. मिस्त्रींनी सगळे भाग क्लीनरमध्ये भिजवले, मग कॉम्प्रेसरची हवा मारली. एका जेटमधलं भोक तरी मोकळं होईना. मामेभावाने सायकलच्या ब्रेकच्या वायरीची एक तार पुढे केली, तर मिस्त्रींनी ती घेऊन बाजूला ठेवून दिली आणि जेट पुन्हा रात्रभर भिजत घातला. पितळ मऊ असतं. तार घासून 1.15 चं भोक 1.20 झालं तरी क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

टाकी रिकामी करण्याचं काम मात्र त्यांनी भर दुपारी, उघड्यावर, बॅटरी सोडवून केलं. शिळं असलं तरी ते पेट्रोलच. ताज्या पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. शेडमध्ये, खड्ड्यात, जवळ चूल पेटलेली असताना हे काम करणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

आता सेल्फ का मारू दिला नाही, ते. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि तिथून बाहेरची हवा थेट आत जाते. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल तोपर्यंत ओघळून खाली गेलेलं असतं. लोखंडाचं गंजणं साधारण 60 टक्के आर्द्रतेच्या पुढे झपाट्याने वाढतं, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा त्याच्या कितीतरी वर असते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पिस्टनची रिंग आणि भिंत यांच्यात केसाएवढीही जागा नसते, त्यामुळे थोडासा गंजही पाचरीसारखा बसतो. अशा अवस्थेत नव्या बॅटरीचा सेल्फ मारला तर रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडे उमटतात, आणि मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

मिस्त्रींनी प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर डिझेल आणि इंजिन ऑइल ओतलं, आणि दोन दिवस इंजिनकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी चौथा गिअर टाकून आम्ही तिघांनी गाडी हलकेच पुढेमागे ढकलली. मोठ्या गिअरमध्ये चाकाच्या थोड्या हालचालीने इंजिन बेताने फिरतं, झटका बसत नाही. आधी काहीच झालं नाही. मग आतून एक बारीकसं "टच" ऐकू आलं आणि फॅन बोटभर सरकला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा हसू दिसलं.

त्यानंतर ऑइल बदललं. प्लग न लावता सेल्फ मारून इंजिन नुसतं फिरवलं, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. त्या वेळी आत स्फोट नाही, बेअरिंगवर भार नाही, आणि पंपाला तेल वरपर्यंत चढवायला सवड मिळते. ठिणगीचं प्रकरण अर्ध्या तासात मिटलं. पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, ऑक्साइडचा पापुद्रा चढला होता, 12 व्होल्टला तो भिंतीसारखा असतो. बारीक पॉलिश पेपर, मग कोऱ्या कागदाची घडी, झालं. उंदरांनी कुरतडलेल्या तीन वायरी जोडायला जास्त वेळ गेला.

ब्रेकवर मात्र त्यांनी अख्खा दिवस घातला होता, गाडी ढकलायच्याही आधी. ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नसतं. ग्लायकॉल जातीचं ते द्रव्य हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रकारचं ताजं द्रव किमान 205 अंशांना उकळायला हवं, तर 3.7 टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा 140 वर येते. घाटात ब्रेक तापले की ते पाणी वाफ होतं, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामं खाली जातं. उभ्या गाडीत वेगळा त्रास: ओलसर द्रव चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये बसून राहतं आणि धातूला खड्डे पाडतं. मामांच्या गाडीचे चारपैकी तीन सिलिंडर जाम होते. शिवाय हँडब्रेक ओढून ठेवलेला, त्यामुळे मागचे लायनर ड्रमला चिकटलेले. जे "गाडी एकदा सुरू तर होऊ दे, ब्रेकचं नंतर बघू" म्हणतात, त्यांच्या अंगणाला उतार नसावा एवढीच प्रार्थना.

नव्या पेट्रोलचीही एक अडचण आहेच. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते, आणि अशा मिश्रणाचं योग्य प्रमाण 14.7 ऐवजी साधारण 13.5 होतं. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला काहीच कळत नाही, तो जुन्याच मापाने देतो आणि इंजिन उपाशी, गरम चालतं. एक नंबर मोठा जेट घालणं हा त्यावरचा सरधोपट उपाय. इथेनॉल पाणीही ओढतं. फार दिवस उभ्या गाडीत पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळा थर करतात, आणि पेट्रोल उचलणारी नळी नेमकी तळाशी असते. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा यांनाही इथेनॉल मानवत नाही. ते सगळं नवं घातलं. टाकीत फक्त पाच लिटर भरलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी किल्ली मामांच्या हातात दिली गेली. चोक ओढला, सेल्फ मारला, तिसऱ्या खेपेला गाडी खोकली आणि चालू झाली. सायलेन्सरमधून उंदराचं घरटं भुसाट होऊन बाहेर आलं. मामी पदर नाकाला लावून हसत उभ्या होत्या.

पंधरा मिनिटांनी, नदीच्या पुलाजवळ, गाडी बंद. दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मामेभाऊ कार्बोरेटर खोलायला निघाला. मिस्त्रींनी मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं, "फुस्स" आवाज झाला, आणि गाडी लगेच सुरू झाली. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत यावी लागते. ती येत नसेल तर आत पोकळी वाढत जाते आणि पंपाच्या पडद्याला पेट्रोल ओढवत नाही. हवेची नळी बुजली होती. असं नव्या गाड्यांतही होतं: 2014 मध्ये अमेरिकेत माझदाने सुमारे 42,000 गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या वासाला भुललेले कोळी अशाच नळीत जाळी विणत होते.

आमच्याकडे कोळी नव्हता. मिस्त्रींनी तार घालून नळी मोकळी केली तेव्हा मातीचं नीट थापलेलं घरटं बाहेर पडलं, कुंभारमाशीचं. फोडलं तर आत तिने पिल्लांसाठी साठवलेल्या चार वाळक्या अळ्या होत्या.