बायपासनंतर छातीत दुखतंय: हाड की हृदय?

बाबांच्या बायपासला पंधरा दिवस झाले होते. रात्री दोनला त्यांनी आईला हलवून उठवलं, "छातीत चमक मारतेय गं." मग रिक्षा, कॅज्युअल्टी, ईसीजी, रक्ताची तपासणी. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीनं मात्र मशीन लावायच्या आधीच विचारलं, "काका, नेमकं कुठं दुखतंय ते दाखवा बघू." बाबांनी तर्जनी टाक्यांच्या डाव्या अंगाला टेकवली. तिनं तिथं जरा दाबलं, तर ते कळवळले. रिपोर्ट सगळे ठीक आले. झोपेत कुशीवर वळताना हाड ताणलं गेलं होतं, एवढंच. पण बायपासनंतर छातीत दोन वेगळी दुखणी राहायला येऊ शकतात आणि घरातल्या सगळ्यांना दोघांची ओळख हवी, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

पहिलं दुखणं हाडाचं. बायपास हृदयाची म्हणायची, पण त्यात सगळ्यात जास्त मार खातं ते छातीच्या मधोमध असलेलं उभं हाड. ते करवतीनं कापतात, दोन्हीकडच्या बरगड्या फाकवतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे जातात, पक्कं व्हायला साधारण तीन महिने. तोवर खोकला, शिंक, जांभई, बादली उचलणं, घट्ट बसलेलं झाकण उघडणं, पलंगावरून हात टेकून उठणं, असं काहीही केलं की कळ येते. म्हणूनच खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला सांगतात.

डाव्या बाजूची तक्रार थोडी निराळी असते. बायपाससाठी पायातली शीर वापरतात हे बहुतेकांना माहीत असतं. अर्जेंटिनाचे डॉक्टर रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलंडला तीच वाट रूढ केली. पण हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला बहुधा छातीच्या आतल्या भिंतीवरची डावी धमनी जोडतात. ती सोडवून घेताना आसपासच्या संवेदना नेणाऱ्या बारीक नसा दुखावतात. मग डावी छाती बधिर वाटते, मुंग्या येतात, सदऱ्याचं कापड घासलं तरी जळजळतं. नेमकं डावीकडेच! घाबरायला आणखी काय लागतं? हे काही महिने चालतं, क्वचित कायमचंही राहतं, पण त्याचा हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंध नसतो.

दुसरं दुखणं हृदयाचं, म्हणजे अँजायना. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं तेव्हाचं. खरं तर त्याला 'दुखतं' असं फारसं कुणी म्हणतच नाही. लोक म्हणतात, आवळल्यासारखं होतं, छाती भरून येते, कुणीतरी दगड ठेवल्यासारखं वाटतं. कुठं होतंय विचारलं तर बोट येत नाही, अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर येते. ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत पसरतं. चढावर, भरल्या पोटी चालताना, थंड वाऱ्यात येतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. दाबलं म्हणून वाढत नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती जिन्याची खूण. नुसते पाय चालवून जिना चढताना छाती आवळली आणि थांबल्यावर सुटली, तर संशय हृदयाचा. चढताना काही नाही, पण कठडा धरून अंग वर ओढलं की कळ आली, तर बहुधा हाड. आणखी एक प्रश्न बाबांच्या सर्जननी सांगून ठेवला होता: "ऑपरेशनच्या आधी व्हायचं, तसंच होतंय का?" उत्तर 'हो' असेल तर हाडाची चर्चा बंद, लगेच डॉक्टर.

चूक दोन्हीकडून होते. बाबांनी प्रत्येक चमक हृदयाची मानली आणि चालणंच सोडलं. महिनाभर खुर्ची, टीव्ही आणि चिडचिड. हृदयाला रक्ताची नवी वाट मिळालेला माणूस पहिल्यापेक्षा जास्त आजारी दिसायला लागला. आमच्या मामांचं उलटं. बायपासला सहा वर्षं झाल्यावर चढावर त्यांची छाती आवळायला लागली, तर म्हणायचे, "जुने टाके ओढतात रे." चढावर ओढणारे आणि विसावल्यावर गप्प बसणारे टाके नसतात. छातीतली धमनी १० वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के लोकांत उघडी असते. पायातल्या शिरा मात्र तेवढ्या काळात जवळपास निम्म्या बंद पडतात. मामांची शीरच अरुंद झाली होती.

या खुणा म्हणजे काही पंचांग नव्हे. मधुमेह असलेल्यांना हृदयाचं दुखणं जाणवतच नाही असंही होतं. नुसती धाप, दरदरून घाम, अंगातलं त्राण गेल्यासारखं. बायकांमध्येही ते पुष्कळदा असंच आडवाटेनं येतं, आणि घरात त्याला 'पित्त' म्हणून टाकतात. शिवाय हाडाचं म्हणून सोडून देऊ नये असंही काही असतं. हालचाल करताना छातीत कटकट आवाज येणं, जखमेतून पाणी किंवा पू, ताप. किंवा आडवं पडल्यावर, खोल श्वास घेतल्यावर टोचणारी आणि पुढं वाकून बसलं की कमी होणारी कळ. ती हृदयाच्या आवरणाच्या सुजेची असू शकते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवावं.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी अँजायनाची गोळी, लिहून दिली असेल, तर आधी बसायचं आणि मग गोळी जिभेखाली ठेवायची. रक्तदाब उतरून उभा माणूस कोसळू शकतो. व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली असेल तर ही घ्यायची नाही, आणि लाजायचंही नाही, सांगायचं. पाच मिनिटांत आराम पडला नाही, किंवा बसल्याजागी दुखायला लागलं, तर बोट की तळवा हे बघत न बसता १०८.

बाबा आता रोज सकाळी चाळीस मिनिटं चालतात. परवा भाजीची पिशवी उचलताना थबकले, हात छातीकडे गेला. आई दारातून ओरडली, "बोट की तळवा?" त्यांनी बोट दाखवलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आत आले.