मिसळीचा कट आणि लवंगेच्या तेलाचा बोळा

दाढ ठणकायला लागते ती नेमकी रात्री. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या कठीण भिंतींत कोंडलेल्या, सुजलेल्या गाभ्याला पसरायला जागा नसते. अशा वेळी आमच्या कोल्हापुरात हात जातो तो मसाल्याच्या डब्याकडे. लवंग दाढेखाली धरायची, नाहीतर लवंगेच्या तेलाचा बोळा किडक्या दाढेवर ठेवायचा. आधी झणझणतं, मग हळूहळू बधिर होतं. हा नुसता मनाचा खेळ नाही.

लवंग म्हणजे वाळवलेली फुलाची कळी. तिच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. ते काय करतं हे कोल्हापूरकराला समजवायला मिसळीचा कट पुरे. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून सगळा झणका तवंगात उतरतो आणि म्हणूनच तांब्याभर पाणी प्यायलं तरी आग थांबत नाही, दह्यादुधानं थांबते. हे कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. एरवी या प्रथिनाचं काम चटका बसल्याची वर्दी देणं. १९९७ साली ते शोधणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

युजेनॉल त्याच दारावर थाप मारतं, म्हणून सुरुवातीला झणझणतं. थापा पडतच राहिल्या की दार दाद देईनासं होतं. रोज तिखट खाणाऱ्याला तिखट कमी लागतं, त्यामागेही हेच. शिवाय मज्जातंतूतून वेदनेचा संदेश पुढे नेणारे सोडियमचे मार्गही युजेनॉल अडवतं. दातांच्या डॉक्टरांचं भुलीचं इंजेक्शन हेच करतं. कुवेतमधल्या संशोधकांनी ७३ जणांच्या हिरड्यांवर लवंगेचा लेप आणि बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध लावून सुई टोचून पाहिली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्हींनी वेदना सारखीच कमी केली. दवाखान्यात तात्पुरतं सिमेंट भरतात तेव्हा येणारा ओळखीचा वासही युजेनॉलचाच.

इतकं जोरकस द्रव्य निष्काळजीपणे वापरायचं नसतं. निव्वळ तेल हिरडीला किंवा गालाला लागलं तर तिथली त्वचा भाजून पांढरी पडते. चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब घालावेत. पाण्यात ते मिसळणार नाही, आणि पाण्याहून जड असल्यानं तवंगासारखं वर न तरंगता तळाशी बसेल. लहान मुलांना तर लावूच नये आणि बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नये. जेमतेम ५ ते १० मिलिलिटर तेल प्यायल्यानं दोन वर्षांची मुलं बेशुद्ध पडल्याच्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच. बोळा ठेवला, ठणका गेला, आणि दाढ बरी झाली असं वाटलं. बोळ्यानं कीड भरून निघत नाही. चार दिवसांनी दुखणं आपोआप थांबलं तर कदाचित आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळातून हाडाकडे निघालेले असतात. गाल किंवा हनुवटीखाली सूज, ताप, गिळायला त्रास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

तेलाच्या गुळण्यांचं थोडक्यात सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तेलाचा गंडूष म्हणजे तोंडात तेल धरणं सांगितलं आहे. छोट्या अभ्यासांत दातांवरचा चिकट थर थोडा कमी झालेला दिसला, पण ब्रशची जागा तेल घेऊ शकत नाही. गुळासारखं गोड खाल्लं की जंतू आम्ल तयार करतात. तोंडातला सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि पडलेला खड्डा कुठलंही तेल बुजवत नाही. गुळणी करताना तेल श्वासनलिकेत जाणार नाही एवढं जपा.

तोंड आलं की तूप, खोबरेल लावतात. आराम पडतो, झोंबणं कमी होतं. पण साधे फोड एक-दोन आठवड्यांत आपणहून बरे होतात, श्रेय तेवढं तेलाला मिळतं. दोन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवी. विशेषतः घरात मिश्री, मावा, गुटखा, सुपारी यांपैकी काही चालत असेल तर. दाढ दुखते म्हणून मिश्री धरणाऱ्या बायका आपल्याकडे आजही आहेत, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू.

आयुष्यभर तांबडा रस्सा वाटीनं ओरपणाऱ्या माणसाला अचानक साधी आमटीही झोंबू लागली, तर तिखट वाढलं असं समजू नका. सुपारी-माव्यानं गालाच्या आतली त्वचा ताठरते, तोंड उघडणं कमी होत जातं. त्याची सुरुवात अशा झोंबण्यानं होते आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का ते पाहा. जात नसतील तर तेलाची बाटली ठेवून द्या आणि त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जा.