बोक्याची ‘उन्हाळी’ आणि मांजराचे मूत्राशय

घरातला बोका वाळूच्या टोपलीत जाऊन पुन्हा पुन्हा बसू लागला, बसल्यावर कण्हू लागला आणि उठल्यावर शहाबादी फरशीवर जेमतेम एखादा तांबूस थेंब दिसला, तर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बहुतेक मराठी घरांत निदान तयारच असते: त्याला उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ, लागली. मग धन्याचे पाणी, सब्जा, क्वचित गोखरूचा काढा असे माणसांवरचे उपाय चमच्याने मांजराच्या तोंडात जातात. चार-सहा दिवसांत बोका खरोखर बरा होतो आणि उपायावरचा विश्वास पक्का होतो. कधी मात्र तोच बोका दुसऱ्या दिवशी ओकू लागतो, कपाटाखाली जाऊन पडतो आणि तिसऱ्या दिवसापर्यंत दगावतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन प्रसंगांत शरीराच्या आत काय वेगळे घडते, हे मांजर पाळणाऱ्याने समजून घेणे अत्यंत गरजेचे आहे.

सुरुवात मांजराच्या मूत्रपिंडापासून करावी लागते. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे ‘फेलिस लायबिका’ हे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांतले रानमांजर होय. शिकारीच्या मांसात सुमारे 70 टक्के पाणी असते आणि त्यावरच हा प्राणी भागवून घेत आला. त्यामुळे त्याची तहान मंद राहिली आणि मूत्रपिंडे मात्र पाणी राखण्यात पटाईत झाली. मांजराचे मूत्रपिंड माणसाच्या दुपटीहून अधिक तीव्र मूत्र तयार करू शकते. वाळवंटात हा गुण जीव वाचवणारा असला, तरी कोरडे खाद्य मिळणाऱ्या घरातल्या मांजरात तोच अडचणीचा ठरतो, कारण थोड्या पाण्यात विरघळलेले पुष्कळ क्षार मूत्राशयात बराच वेळ साचून राहतात.

चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिलिलिटर पाणी लागते आणि त्यात अन्नातले पाणीही धरलेले असते. बाजारातल्या कोरड्या दाण्यांत पाण्याचे प्रमाण जेमतेम दहा टक्के असते. म्हणजे दिवसभरात साठ ग्रॅम दाणे खाणाऱ्या मांजराला त्यातून अवघे सहा मिलिलिटर पाणी मिळते. ओल्या खाद्यात किंवा उकडलेल्या मासळीत हेच प्रमाण सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात जाते. कोरडे खाणारे मांजर भांड्यातले पाणी जास्त पिते हे खरे, पण ती भरपाई पुरी पडत नाही, असे मोजमापांतून वारंवार दिसून आले आहे.

तीव्र मूत्रात मुख्यतः दोन प्रकारचे खडे होतात. पहिला प्रकार स्ट्रुव्हाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांच्या संयुगाचा. तो अल्कधर्मी मूत्रात तयार होतो आणि योग्य पथ्याच्या खाद्याने काही आठवड्यांत विरघळतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो कोणत्याही खाद्याने विरघळत नाही, सहसा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1981 मध्ये प्राण्यांचे मूतखडे तपासणारे केंद्र सुरू झाले, तेव्हा तेथे येणारे मांजरांचे बहुतांश खडे स्ट्रुव्हाइटचे असत. पुढे खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केले, मूत्र आम्लधर्मी होईल अशी योजना केली आणि स्ट्रुव्हाइटचे प्रमाण घटले, परंतु त्याच काळात ऑक्झलेटचे खडे वाढले. रासायनिक तोल एका बाजूने सावरायला गेले की तो दुसऱ्या बाजूला कलतो. मूत्र पातळ ठेवण्याचा उपाय तेवढा दोन्ही प्रकारच्या खड्यांना लागू पडतो.

तरीही खडे हे बहुसंख्य रुग्ण-मांजरांचे खरे दुखणे नसते, आणि जंतुसंसर्ग तर त्याहून नसतो. दहा वर्षांखालच्या, एरवी निरोगी मांजरात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग क्वचितच आढळतो. निम्म्याहून अधिक मांजरांत तपासण्या करूनही खडा, जंतू, गाठ यांपैकी काहीच सापडत नाही. सापडतो तो सुजलेला, रक्ताळलेला मूत्राशय. या विकाराला पशुवैद्यकात ‘अज्ञातकारण मूत्राशयदाह’ म्हटले जाते. ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि त्याची मुळे मूत्राशयाच्या बाहेर, मांजराच्या ताण सोसण्याच्या यंत्रणेत असल्याचे दाखवले. अशा मांजरांत धोक्याच्या वेळी कामाला लागणारी मज्जासंस्था सतत चेतलेली राहते, ताणाला आवर घालणारे संप्रेरक मात्र त्या मानाने कमी पडते आणि मूत्राशयाच्या आतले संरक्षक अस्तर विरळ होते, त्यामुळे तीव्र मूत्र थेट चेतातंतूंना झोंबते.

माणसाला किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मांजराला ताण देतात. चतुर्थीला पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे आणि त्यांची पोरे, दिवाळीचे फटाके, घराची रंगरंगोटी, शेजारच्या बोक्याने कुंपणावर येऊन बसणे, जेवणाची वेळ बदलणे, इतकेही पुरते. खानापूर तालुक्यात आणखी एक कारण घडते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात आठ-आठ दिवस अंगण सुकत नाही; एरवी परसात जाऊन येणारे मांजर ओल्या मातीत पाय ठेवायला तयार नसते आणि घरात त्याच्यासाठी वाळू नसली तर ते मूत्र दाबून धरते. म्हणजे ज्याला आपण उन्हाळी म्हणतो तो त्रास श्रावणातही होऊ शकतो.

या विकाराचा झटका बहुतेक वेळा पाच ते सात दिवसांत आपोआप शमतो. धन्याच्या पाण्याला मिळणाऱ्या यशाचे रहस्य नेमके इथे आहे, आणि केवळ धन्याच्या पाण्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण संसर्ग नसताना दिलेल्या प्रतिजैविकांच्या इंजेक्शनलाही हेच श्रेय फुकट मिळत असते. पाच दिवसांचा औषधक्रम संपतो, मांजर बरे होते आणि मालक व डॉक्टर दोघेही समाधानी होतात. काही महिन्यांनी पाहुणे येतात, दुखणे परतते आणि पुन्हा तेच इंजेक्शन दिले जाते. जंतूंमध्ये औषधाला दाद न देण्याची शक्ती वाढवण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही. झटक्याच्या दिवसांत मांजराला खरी गरज असते ती वेदनाशामकाची, आणि ते पशुवैद्यानेच ठरवले पाहिजे. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये: ती निर्विष करणारे विकर (एन्झाइम) मांजराच्या यकृतात अत्यल्प असते, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होऊन एका गोळीनेही मांजर मरू शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांचीही गणना विषातच करावी.

आता त्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे तिच्यात तो सहसा तुंबत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून टोकाशी एक मिलिमीटरहूनही अरुंद होतो. सुजलेल्या मूत्राशयातून झिरपलेली प्रथिने, चिकट द्रव आणि वाळूसारखे स्फटिक यांचा बुच तिथे अडकतो, स्नायू आकडतात आणि वाट बंद होते. मूत्राशय फुगत जातो. वाढलेला दाब उलट मूत्रपिंडापर्यंत पोचतो व रक्त गाळण्याचे काम थांबते. मग शरीराबाहेर जायला हवे ते युरिया आणि पोटॅशियम रक्तात साचू लागतात. पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित होतात, आणि पुष्कळदा मांजर मरते ते याच कारणाने. पूर्ण तुंबल्यापासून एक-दोन दिवसांत प्रकृती गंभीर होते.

म्हणून पाहायचे ते हे की, मूत्र थोडे थोडे होते आहे की होतच नाही. टोपलीतली वाळू काढून तळाला कोरडा कागद अंथरला, तर अर्ध्या तासात उत्तर मिळते. बोका वारंवार जोर करतो, लिंगाचे टोक चाटत राहतो, ते लालभडक दिसते आणि कागद कोराच राहतो, तर पुढची परीक्षा घरी करत बसू नये. मागच्या पायांपुढे पोटाला हलक्या हाताने स्पर्श केल्यास लिंबासारखा टणक गोळा लागतो, पण तो दाबून मूत्र काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, कारण ताणलेला मूत्राशय फुटू शकतो. अनेक जण हे जोर करणे बद्धकोष्ठाचे समजून एरंडेल पाजतात आणि मोलाची रात्र वाया घालवतात. काढा असो वा पाणी, तुंबलेल्या बोक्याला बळेच काहीही पाजल्याने लाभ होत नाही.

सीमाभागात अडचण येते ती वेळेची. तालुक्याच्या सरकारी पशुचिकित्सालयाचा दिवस गाई-म्हशींच्या कामात जातो, आणि मांजराला भूल देऊन बारीक कॅथेटर, म्हणजे मूत्र काढण्याची नळी, घालण्याची सोय प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून ‘बोक्याला कॅथेटर घालता का’ एवढा एकच प्रश्न विचारावा. खानापूरकरांना बेळगाव गाठावे लागेल, निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडेल. पलीकडून कानडी बोलणारे डॉक्टर असतील तर ‘निन्ने रात्रियिंद बेक्कु मूत्र माडिल्ल’, म्हणजे काल रात्रीपासून मांजराने लघवी केलेली नाही, इतके सांगितले तरी प्रकरणाची निकड त्यांच्या लक्षात येते. दवाखान्यात आधी शिरेतून सलाइन आणि हृदयाला सांभाळण्यासाठी कॅल्शियम, मग भूल, मग मूत्रमार्ग धुऊन काढून नळी, असा क्रम सामान्यतः असतो. नळी एक ते तीन दिवस ठेवतात. अडथळा निघाल्यावर मांजर काही काळ प्रमाणाबाहेर मूत्र विसर्जित करते, आणि तेवढे द्रव शिरेतून परत द्यावे लागते. म्हणूनच नळी घालून लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नये. क्ष-किरण किंवा सोनोग्राफी करून खडा आहे का हेही याच वेळी पाहून घ्यावे. मूत्राचा नमुना मात्र ताजा द्यावा, कारण थंड होत गेलेल्या मूत्रात स्फटिक आपोआप तयार होतात आणि नसलेल्या आजाराचे निदान होते.

संकट टळल्यावर खरे काम घरात सुरू होते. बफिंग्टन यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्राशयदाहाच्या 46 पाळीव मांजरांच्या घरातल्या वातावरणात सुधारणा करवून त्यांच्यावर दहा महिने लक्ष ठेवले आणि मूत्राच्या तक्रारींबरोबरच त्यांचा भित्रेपणाही कमी झाल्याचे आढळले. तुलनेसाठी सुधारणा न केलेला गट त्यात नव्हता, हे लक्षात घेऊनही दिशा स्पष्ट आहे. लपायला व उंचावर बसायला जागा, रोज ठरलेल्या वेळी जेवण आणि थोडा खेळ, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त वाळूची टोपली, ती जेवणाच्या जागेपासून दूर ठेवलेली व रोज साफ केलेली, या त्यातल्या मुख्य गोष्टी होत. टोपली मांजराला आत सहज वळता येईल इतकी मोठी हवी. आपल्याकडे प्लास्टिकची जुनी घमेली यासाठी छान चालतात. पाहुणे येणार असतील तेव्हा एक खोली मांजरासाठी राखून तिचे दार लोटून ठेवावे.

पाण्यासाठी पसरट भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था खानापुरातच आहे, आणि तिथल्या मातीच्या भांड्यांत उन्हाळ्यात पाणी गार राहते. फक्त आतून शेवाळी बुळबुळीतपणा धरण्याआधी भांडे रोज काथ्याने घासावे. बोअरच्या जड पाण्यामुळेच खडे होतात अशी समजूत आहे, परंतु मांजराच्या पोटात जाणारे बरेचसे क्षार अन्नातून येतात, त्यामुळे पाणी कोणते यापेक्षा ते किती पोटात जाते याकडे लक्ष द्यावे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अन्नातच पाणी घालणे. दाण्यांवर कोमट पाणी ओतून ते फुगल्यावर द्यावेत आणि उरलेले तासाभरात काढून टाकावेत. कारवार-गोव्याकडून येणारा बांगडा किंवा तारली नुसत्या पाण्यात उकडून ते पाणी दाण्यांवर घालावे, पण आमटीचा किंवा रश्श्याचा रस्सा देऊ नये: कांदा-लसूण मसाला मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. पावसाळ्यात घरोघर असणारे सुकट मांजराला आवडते, तरी त्यात पाणी नाही आणि काट्यांतली खनिजे भरपूर असल्याने ते रोजचे अन्न करू नये. दुधातही पाणी असतेच, मात्र बऱ्याच प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि जुलाबातून असलेले पाणीही जाते.

नसबंदीमुळे बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद होतो असे अनेक जण मानतात, पण मोजणीत त्याला आधार मिळालेला नाही. धोका वाढतो तो नसबंदीनंतर येणाऱ्या लठ्ठपणामुळे आणि दिवसभराच्या बैठकीमुळे.

नळी काढल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मूत्रमार्ग पुन्हा तुंबण्याची शक्यता सर्वाधिक असते, त्यामुळे त्या काळात मांजराला बाहेर सोडू नये आणि टोपलीतले मूत्राचे गोळे रोज सकाळ-संध्याकाळ पाहावेत. वारंवार तुंबणाऱ्या बोक्यासाठी मूत्रमार्गाचा अरुंद भाग काढून रुंद भाग बाहेर जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. तिने तुंबण्याची भीती बरीच कमी होते, मूत्राशयदाह मात्र होत राहू शकतो, आणि वाट आखूड झाल्याने जंतूंना शिरकाव सोपा जातो. अशा बोक्याचे मूत्र दर काही महिन्यांनी तपासून घ्यावे लागते.