लंडन–पॅरिस: ३४४ किलोमीटर, मग विमानाला सव्वा तास कशाला?

परवा भाच्याने लंडन–पॅरिसचं बुकिंग पाठवलं आणि खाली प्रश्न, मामा जाताना ९ ला निघून ११:२० ला पोचतंय आणि येताना १२ ला निघून १२:२० ला, येतानाचं विमान रॉकेट आहे का? रॉकेट वगैरे काही नाही रे बाबा, पॅरिसचं घड्याळ लंडनच्या १ तास पुढे असतं, बास. दोन्हीकडे उन्हाळ्याची वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ती) एकाच दिवशी बदलते त्यामुळे हा फरक बारा महिने तोच. म्हणजे खरा प्रवास दोन्ही बाजूंनी १ तास २० मिनिटांचाच.

पण मग पुढचा प्रश्न जास्त भारी होता. दोन शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ३४४ किमी, विमान ताशी ८०० ने जातं, मग अर्ध्या तासात पोचायला हवं ना? तर नाही, कारण तिकिटावरची वेळ म्हणजे उडण्याची वेळ नव्हे, ती गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात मागे ढकलणं आलं, रनवेपर्यंत रांगत जाणं आलं, तिथे पुढच्यांच्या मागे नंबर लावणं आलं, लंडनच्या हीथ्रो विमानतळाला तर रनवेच दोन आणि गर्दी मुंबईच्या लोकलसारखी, त्यामुळे उतरणाऱ्या विमानांनाही बऱ्याचदा वर आकाशात गोल गोल घिरट्या घालायला लावतात. प्रत्यक्ष हवेत असतं ते पाऊण तास-पन्नास मिनिटं, आणि त्यातलाही बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, ८०० चा वेग मिळाला न मिळाला तोच खाली यायची तयारी. थोडक्यात अंतर निम्मं असलं म्हणून वेळ निम्मा होत नाही.

आता ट्रेन. युरोस्टारचा रूळमार्ग ४९२ किमी म्हणजे विमानाच्या रेषेपेक्षा दीडशेने जास्त, आणि वेळ साधारण सव्वादोन तास. कागदावर हरली. पण ती सेंट पँक्रासहून सुटते आणि गार दु नॉरला लागते, दोन्ही स्टेशनं शहराच्या आत. विमानाला आधी हीथ्रो गाठा (ट्यूबने जवळपास तास), दोन तास आधी पोचा, उतरल्यावर पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाहून परत अर्धा-पाऊण तास लोकल. बेरीज केलीत तर ट्रेनच आधी पोचवते, तिथेही तास-दीड तास आधी जावं लागतं हे धरून सुद्धा. फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनच्या स्टेशनातच बघतात, पॅरिसला उतरलात की सरळ चालू पडायचं.

मी हे सगळं भाच्याला टाइप करून पाठवलं आणि सहज विचारलं, शेंगेन व्हिसा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच, यूके त्यात नाही) झाला ना? तर म्हणे यूकेचा आहे की, तो चालत नाही का तिकडे?